एकास शंभर

जामखेडपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास भरतो, आणि मधे सह्याद्री आडवा पडलेला आहे. बरं, आमच्या गावचं पाणीसुद्धा त्या समुद्राकडं ढुंकून बघत नाही. सौताड्याच्या कड्यावरून उडी घेऊन आलेली विंचरणा पुढं सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. मुंबई जवळ म्हणून आम्ही स्वतःला अरबी समुद्राचे समजतो. पण पाण्याच्या हिशेबानं जामखेड नौदलाच्या पूर्व विभागात येतं, मुख्यालय विशाखापट्टणम. हा शोध आमच्या दाजींचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. आयुष्यभर त्यांनी पाणी अडवलं, किंवा अडवण्याची अंदाजपत्रकं तरी केली. निवृत्त झाल्यावर त्या अडवलेल्या पाण्यात आता काहीतरी सोडावं, असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या एखाद्यानं मत्स्यबीज सोडलं असतं. दाजींनी युद्धनौका सोडायची ठरवली. रिमोटवर चालणारी, खऱ्या जहाजाबरहुकूम, एकास शंभर या प्रमाणातली.

दुष्काळी तालुक्यात युद्धनौका, म्हणून पहिले काही दिवस लोक हसले. दाजींनी त्यांना इतिहासात गाठलं. ११ मार्च १७९५ ला झालेली खर्ड्याची लढाई आमच्याच तालुक्यातली. निजाम मागं हटून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, मराठ्यांनी वेढा घातला, आत दाणापाण्याची टंचाई झाली आणि त्याला तह करावा लागला. "म्हणजे आपल्याकडं युद्धाचा निकाल पाण्यावरच लागतो," दाजी म्हणाले. यावर पारावर कुणाला बोलता आलं नाही, कारण पारावरच्या मंडळींचा इतिहास पानिपतावर सुरू होऊन पानिपतावरच संपतो.

जहाज कोणतं करायचं यावर मात्र सगळ्या गावाला मत होतं, आणि ते विक्रांतच्या बाजूनं होतं. विक्रांत कुणाला माहीत नाही? जुनी विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, पुढं भंगारात निघाली आणि तिचं पोलाद वापरून बजाजनं २०१६ साली व्ही नावाची मोटारसायकल काढली. म्हणजे तसं बघितलं तर विक्रांतचा थोडा अंश गावात आधीच फिरत असणार. दाजींनी टेप लावला. जुनी विक्रांत २१३ मीटर, म्हणजे दोन मीटर तेरा सेंटिमीटर. नवी २६२ मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. ती तयार झाल्यावर घराबाहेर काढायला भिंत पाडावी लागली असती, आणि घर ताईच्या नावावर आहे.

शेवटी आयएनएस विशाखापट्टणम या विनाशिकेवर शिक्का बसला. मुख्यालयाचंच नाव, त्यामुळं प्रोटोकॉल सांभाळला गेला. आता हे जहाज बांधलं मुंबईच्या माझगाव डॉकनं, २१ नोव्हेंबर २०२१ ला ते नौदलात आलं तेही मुंबईतच, आणि आहे पश्चिम ताफ्यात. दाजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "बदल्या होत असतात."

लांबी १६३ मीटर, रुंदी १७.४ मीटर, वजन ७,४०० टन. इथं एकास शंभर या प्रमाणाची पहिली चुणूक दिसते. लांबी शंभरानं भागायची, तशी रुंदी आणि खोलीही शंभरानंच. पण त्यामुळं वजन शंभराच्या शंभरपट, त्याच्याही शंभरपट, म्हणजे दहा लाखांनी भागलं जातं. सात हजार चारशे टनांचे होतात सात किलो चारशे ग्रॅम. एवढं वजन भरलं तरच जहाज खऱ्यासारखं, पाणरेषेपर्यंत बुडतं. कमी भरलं तर बदकासारखं वर उचलून राहतं आणि जास्त भरलं तर बोलायलाच नको. सात किलो चारशे ग्रॅम या आकड्यावर दाजी फार खूश होते. ताई नव्हती. तिनं विचारलं, "होणार कधी?"

दाजी म्हणाले, "अगं, माझगाव डॉकनं हे जहाज २०१५ च्या एप्रिलात पाण्यात सोडलं. तिथून नौदलाच्या हाती द्यायला साडेसहा वर्षं गेली."

ताईनं क्षणभर वर बघितलं. "मग भागा की शंभरानं. चोवीस दिवस येतात."

दाजींना त्या दिवशी कळलं, की काही गोष्टी प्रमाणात लहान होत नाहीत. पुढं त्यांची यादी वाढत गेली.

युद्धनौकेचा नकाशा कुणी देत नाही. नौदल लांबी-रुंदी सांगतं, वेग तीस नॉटपेक्षा जास्त असं सांगतं, आणि थांबतं. बाकीचं फोटोवरून काढायचं. पण बहुतेक फोटो जहाज पाण्यात असताना काढलेले, म्हणजे ज्या भागावर सगळं तरंगणं अवलंबून तो पाण्याखाली. दाजींनी जहाज पाण्यात सोडतानाचे फोटो मिळवले. त्यात खालचा भाग दिसतो, पण पुढचं नाक फुलांच्या माळा आणि पताकांनी झाकलेलं असतं. त्यांनी नाक अंदाजानं काढलं. आडव्या छेदांचे तुकडे प्लायवूडचे कापले, त्यांवर सनबोर्डच्या पट्ट्या चिकटवल्या, वरून फायबरचं कापड आणि रेझिन. रेझिनचा वास असा, की शेजारच्यांनी आधी ताईला विचारलं, मग नगरपरिषदेला.

तोफ ७६ मिलिमीटरची. एकास शंभरला पाऊण मिलिमीटर. त्यासाठी मेडिकलमधून इंजेक्शनची सुई आणली. दुकानदारानं चिठ्ठी मागितली. दाजींनी तोफ आहे असं सांगितलं, तेव्हा त्यानं काही न बोलता सुई दिली आणि दाजी गेल्यावर ताईला फोन केला. पाणरेषेखाली रेड ऑक्साइड, तोच जो आमच्याकडं फाटकांना मारतात. वरचा करडा रंग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरनं जुळवून दिला. त्याला एकच रुखरुख लागून राहिली, की मागं 'पुन्हा भेटू' लिहू दिलं नाही.

खऱ्या जहाजावर तीनशेच्या आसपास माणसं असतात. शंभरानं भागल्यावर माणूस पावणेदोन सेंटिमीटरांचा येतो. दाजींनी आगकाड्या तासून थोडे खलाशी उभे केले आणि काम थांबवलं. कुणी विचारलं तर सांगायचे, "बाकीची पदं रिक्त आहेत." पाटबंधारे खात्याचा अनुभव असा उपयोगी पडतो.

खरी अडचण आतली. मोटर कोरडी राहिली पाहिजे आणि पंखा ओला, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट जिथून बाहेर पडतो त्या भोकातून पाणी आत यायला टपलेलं असतं. जगभरचे हौशी लोक यासाठी पितळेच्या नळीत शाफ्ट बसवून नळीत ग्रीस ठासतात. पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागतं. जामखेडला तसं नाही. ज्या शिवारात दर दोन बांधांआड एक पाणबुडी मोटार विहिरीत सोडलेली आहे, तिथला लेथवाला आणि मोटार वायंडिंगवाला पाणी बाहेर ठेवण्यात नौदलाच्या तोडीचे असतात. लेथवाल्यानं बुश असा काढून दिला, की दाजींनी तो दोन दिवस शर्टाच्या खिशात घालून लोकांना दाखवला. वायंडिंगवाल्यानं फक्त एवढंच विचारलं, "हेड किती आहे?" जहाजाला हेड नसतो, ते पाणी वर चढवत नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पंखा आहे, मोटार आहे, आणि पाणी कुठंच न्यायचं नाही?

बॅटरी फवारणी पंपाची. बारा व्होल्टची, जड, आणि जड म्हणूनच चांगली; जहाजाच्या तळाशी वजन हवंच असतं. त्या हंगामात आमच्या उडदावर मावा पडला तेव्हा पंप होता, औषध होतं, माणूस होता, आणि बॅटरी नौदलात होती.

पाण्यात उतरवण्याआधी पाण्यात बघायला लागतं, आणि तेव्हा वैशाख होता. ताई म्हणाली, "प्यायला टँकरची वाट बघायची आणि ह्यांच्या बोटीला हौद भरायचा, होय?" इथं दाजींमधला अभियंता उजळला. एक मीटर त्रेसष्ट सेंटिमीटरांचं हे धूड मावेल असा हौद घरात नव्हताच. त्यांनी शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा घेऊन फळ्यांचा एक लांबोडा साचा केला: एकशेसत्तर सेंटिमीटर लांब, वीस रुंद, आठ खोल. त्यात सव्वासत्तावीस लिटर मावतात. त्यातले सात-साडेसात जहाज स्वतःच ढकलून देतं. उरलं वीस लिटर, म्हणजे पाण्याचा एक जार. तेवढ्यात विनाशिका तरंगली. साचा अजून जहाजाच्या मापाचा, अगदी अंगासरशी केला असता, तर साडेसात किलोचं जहाज दोन-तीन लिटरांतसुद्धा तरंगलं असतं. जहाजाला पाणी किती आहे याच्याशी घेणं नसतं, आपल्या अंगाभोवती किती उंच आहे एवढंच बघायचं असतं. आर्किमिडीज सिराक्यूजसारख्या बंदराच्या गावी जन्मला, म्हणून त्याच्या शोधाचा हा दुष्काळी भाग फारसा गाजला नाही. चाचणीनंतर ते वीस लिटर पाणी कढीपत्त्याला घातलं गेलं.

मात्र त्या चाचणीत जहाज एका अंगावर कलंडून राहिलं. रडारचा मनोरा दाजींनी हौसेनं भरीव पितळेचा केला होता. आता हा रोग जुना आहे. स्वीडनच्या राजानं वासा नावाची युद्धनौका बांधून घेतली, दोन मजले तोफांचे, वर नक्षी, पुतळे. निघण्याआधी तिची परीक्षा म्हणून तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं, तर जहाज एवढं झुलायला लागलं की तीन फेऱ्यांतच परीक्षा थांबवली. आपल्याकडचं कुठलंही खातं यापेक्षा वेगळं वागलं नसतं. १० ऑगस्ट १६२८ ला वासा स्टॉकहोमहून निघाली आणि दीड किलोमीटरही न जाता, बंदरावरच्या गर्दीच्या देखत बुडाली. दाजींनी मनोरा पोकळ केला, आणि टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायचे शिशाचे तुकडे आणून तळाला चिकटवले.

तेवढ्यात गणपती जवळ आले आणि मंडळाची पोरं घरी आली. देखावा त्यांनी ठरवूनच टाकला होता. "दाजी, आपण बोट कुंडात सोडू, आणि मागं जिथं हेलिकॉप्टर उतरतं ना, तिथं बाप्पा." मूर्ती किती किलोची? "छोटीच. अडीच-तीन." सात किलो चारशेच्या जहाजावर, पाणरेषेच्या वर, तीन किलो. दाजींनी कागद ओढला, गुरुत्वमध्य काढला आणि गंभीरपणे सांगितलं, की असं केलं तर चतुर्थीलाच विसर्जन होईल. पोरं हिरमुसली. मग त्यांतला एक म्हणाला, "निदान लायटिंग तरी करू. वर." जहाज पाहिलं की माणसाला त्यावर, आणि तेही वरच, काहीतरी ठेवावंसं वाटतं. स्वीडनच्या राजाला उगाच नावं ठेवतात.

रिमोटची कथा निराळी. गावात लग्नाच्या शूटिंगमुळं ड्रोन सगळ्यांना माहीत, त्यामुळं पहिला प्रश्न "उडती का?" आणि दुसरा "फोटो काढती का?" दोन्हीला नाही म्हटल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर दाजींबद्दल कणव दिसायची. खरं तर बिनतारी बोट ड्रोनची पणजी आहे. १८९८ साली निकोला टेस्लानं न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली आणि दुरून, तारेशिवाय, चालवून दाखवली. लोकांना ते पटेना. कुणी जादू म्हणालं, कुणी मनाची शक्ती. आत शिकवलेलं माकड बसवलंय असंही काहींना वाटलं, असं सांगतात. टेस्लानं नौदलाला ही विद्या देऊ केली, नौदलानं रस घेतला नाही. सव्वाशे वर्षांनी जामखेडला एका शाळकरी पोरानं दाजींना विचारलं, "आत कोण बसलंय?" प्रश्न वाटतो तेवढा वेडा नाही. इंग्लंडात स्कारबरोच्या पीझहोम पार्कमध्ये १९२७ पासून उन्हाळ्यात तळ्यावर सागरी लढाई दाखवतात. वीसएक फूट लांबीची जहाजं, तोफांचे बार, धूर, आणि त्या जहाजांच्या आत अंग चोरून बसलेले तिथल्या नगरपालिकेचे कर्मचारी. सुरुवातीला ते आत पायडल मारायचे, आता बरीचशी सोय विजेवर आहे. हे मी सरकारी नोकरीतल्या एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "निवडणूक ड्यूटी लागली की त्या दिवशी लढाई बंद ठेवत असतील ना?"

पाऊस झाला. शेततळं भरलं होतं, पण ते तीस मीटर बाय तीस मीटर. शंभरपटीनं तीन किलोमीटरांचा समुद्र. त्यात सोळा ब्राह्मोस घेऊन फिरण्यात अर्थ नव्हता. ब्राह्मोसचा मूळचा पल्ला २९० किलोमीटर धरला तर तो शंभरानं भागून २.९ होतो, म्हणजे तळ्यातून सोडलेलं क्षेपणास्त्र एसटी स्टँडावर पडतं. शिवाय कागद घातलेल्या तळ्याची कड निसरडी. तिथं गेलेला माणूस वर येत नाही, हे तालुक्याला नीट माहीत आहे. भुतवडा तलाव गावाला पाणी पाजणारा, तिथं युद्ध नको, असं दाजींनीच ठरवलं. म्हणून आम्ही एका पाझर तलावावर गेलो, ज्याचा सांडवा दाजींनी नोकरीत असताना स्वतः मोजला होता. मोटारसायकलवर मागं मी आणि माझ्या मांडीवर आडवी विनाशिका. खर्डा चौकात दोन्ही बाजूंची वाहनं थांबली. एवढी वाट आमच्याकडं रुग्णवाहिकेलाही मिळत नाही.

जहाज पाण्यात उतरलं, पाणरेषा केसभरही चुकली नाही, आणि काठावरचा जमाव म्हणाला, "पळवा!"

इथं दाजींची यादी पुन्हा वाढली. वेग शंभरानं भागायचा नसतो, त्याच्या वर्गमुळानं, म्हणजे दहानं भागायचा. तेव्हाच जहाजाच्या नाकापाशी उठणारी लाट खऱ्यासारखी दिसते. तीस नॉटचे तीन नॉट, ताशी साडेपाच किलोमीटर. थोडक्यात, माणसाची चाल. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं एवढी ती लाट सुंदर होती. जमावाला वाटलं बॅटरी उतरली. "आमच्या पोराची दोनशे रुपयांची बोट हिच्यापेक्षा पळती," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते खरं होतं.

वारासुद्धा तसाच. पंधरा किलोमीटर वेगाची झुळूक, जिच्यात काठावरच्या माणसाची टोपीही हलत नाही, ती जहाजाच्या जगात ताशी दीडशेचं वादळ. वीतभर लाट तिथं वीस मीटरांची. विनाशिका झुलली, सावरली. टायरवाल्याचं शिसं कामी आलं. मग उजव्या पंख्यात शेवाळ अडकलं. दोन पंख्यांच्या जहाजाचा एक पंखा थांबला की ते गोल फिरतं. विनाशिका गोल फिरायला लागली, आणि त्या गोलाच्या मधोमध एक म्हैस पाण्यात बसलेली होती.

म्हशीला कुणी प्रमाणात काढलेलं नसतं. अडीच मीटरांची म्हैस शंभरपटीनं अडीचशे मीटर: जुन्या विक्रांतपेक्षा लांब, नव्या विक्रांतपेक्षा थोडी आखूड. वजन पाचशे किलो धरलं तर पाच लाख टन, ज्या वजनाची युद्धनौका जगातल्या एकाही नौदलाकडं नाही. विनाशिकेनं तिला तीन प्रदक्षिणा घातल्या. काठावर टाळ्या पडल्या. लोकांना हा डावपेच वाटला. चौथ्या प्रदक्षिणेला म्हशीनं मान वळवून ब्राह्मोसच्या बाजूला एकदा हुंगलं, नाक फुरफुरलं आणि उठली. ती उठल्यानं जी लाट निघाली तिचं गणित दाजींनी केलं नाही. जहाज आडवं झालं, पुन्हा उभं राहिलं, आणि तलावाच्या मधोमध बंद पडलं.

ते आणायला गेला तो तलावाचा ठेका घेतलेला मच्छीमार. थर्माकोलच्या जाड लादीवर पोटावर झोपून, दोन्ही हातांनी पाणी मारत. त्याच्या लादीला मनोरा नव्हता, रंग नव्हता, पाणरेषा नव्हती, आणि ती कधी बुडणार नव्हती. विनाशिका त्यानं शेपटाकडून एका हातात धरून आणली. काठावर ठेवली, चिखल पुसला, पंख्यातलं शेवाळ नखानं काढलं, पंखा बोटानं फिरवून बघितला. मग दाजींना विचारलं, "ही ओढती किती?"

"ही विनाशिका आहे," दाजी म्हणाले.

"ते असूं द्या. जाळ्याची दोरी ह्या कडेवरनं त्या कडेला न्यायची झाली तर नेईल का? मला लादीवर अर्धा घंटा जातो."

दाजींनी नौदलाचा इतिहास, गॅस टर्बाइन, सोळा ब्राह्मोस यांतलं काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. पण प्रश्न अभियंत्याला विचारला गेला होता. त्यांनी खिशातून पेन काढलं. दोरी नायलॉनची की सुताची, किती जाड, ओली झाल्यावर बुडते की तरंगते, हे सगळं विचारून घेतलं, माझ्या तळहातावर गुणाकार केला आणि म्हणाले, "वारा नसंल तर नेईल. सकाळचं."

"मग रविवारी या. एक किलो देतो."

तेवढ्यात ताईचा फोन आला. फवारणी पंपाच्या बॅटरीची चौकशी होती. दाजींनी घसा खाकरून सांगितलं, की जहाजाला काम मिळालं आहे, आणि मोबदला माशांत आहे. पलीकडं थोडा वेळ शांतता होती.

"कटला असंल तर हो म्हणा," ताई म्हणाली. "चिलापी आणू नका."